ऊन लागलेल्या माणसावर पाणी ओतावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चैत्र सरत आला की वर्तमानपत्रांतून 'उष्माघातापासून बचाव' अशा मथळ्याची चौकट छापून येऊ लागते. भर दुपारी बाहेर पडू नका, डोक्याला दुपट्टा बांधा, पाणी पीत राहा, या त्यातल्या सूचना योग्यच आहेत आणि त्या पुन्हा पुन्हा छापल्या जाव्यात. परंतु या चौकटींच्या जोडीने, कधी मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून तर कधी पारावरच्या बोलण्यातून, एक वाक्य आमच्या भागात घरोघरी पोहोचले आहे आणि त्याविषयीच मला लिहायचे आहे. ते वाक्य असे : ऊन लागलेल्या माणसाच्या अंगावर गार पाणी ओतू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. ऐकायला हे शास्त्रीय वाटते आणि त्यात सत्याचा एक लहानसा अंशही आहे. म्हणूनच ते घातक आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर शेती पाहतो, आणि या वाक्याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात शेजारच्या वावरात पऱ्हाटीची धसकटे वेचण्याचे काम चालू होते. साडेबाराच्या सुमारास तिथला सालदार, पस्तिशीचा धडधाकट माणूस, धुऱ्याजवळ बसला आणि बैलाशी बोलावे तसे असंबद्ध बोलू लागला. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याची कातडी तव्यासारखी तापली होती आणि डोळे कुठेतरी दूर लागले होते. फवारणीसाठी भरून ठेवलेला पाण्याचा ड्रम दहा पावलांवर बाभळीच्या सावलीत होता. एका पोराने बादली उचललीही, पण दोघा-तिघा जाणत्यांनी त्याचा हात धरला आणि वर लिहिलेले वाक्य त्याला ऐकवले. मग कपाळावर ओली पट्टी ठेवली गेली, तापाची गोळी चुरून तोंडात घातली गेली, ऑटो येईपर्यंत अर्धा तास गेला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत आणखी पाऊण तास. तिथेही आधी तापाचे इंजेक्शन दिले गेले, अंग ओले करण्याचे काम बरेच उशिरा सुरू झाले. माणूस वाचला. पण आजही चालताना त्याचा तोल जातो आणि बोलताना जीभ अडखळते, कारण मेंदूतील तोल सांभाळणारा भाग उष्णतेला फार नाजूक असतो. उन्हाने कोसळलेल्या कितीतरी बैलांवर मी स्वतः विहिरीचे पाणी ओतून घेतले आहे, तरी त्या दुपारी माणसाच्या बाबतीत मी बोललो नाही. ती रुखरुख या पत्रामागे आहे, हे मी लपवत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शरीराच्या आत निर्माण होणारी उष्णता बाहेर येते कशी? चुलीत भाजलेले भरताचे वांगे आठवावे. वरची साल हाताला सोसेल इतकी निवलेली असते, पण बोट आत गेले की चटका बसतो. वांग्याच्या गरात उष्णता एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे सरकत सरकतच बाहेर येऊ शकते आणि ही चाल फार संथ असते. मांसाची स्थितीही याहून फारशी वेगळी नाही. मांसातून उष्णता वाहण्याचा वेग साधारण पाण्यासारखाच आहे आणि चरबीतून तर त्याच्या निम्म्याहून कमी. नुसत्या सरकण्याने एक सेंटिमीटर जाडीच्या मांसातून उष्णता पसरायला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि पाच सेंटिमीटर खोलीवरून कातडीपर्यंत यायला चार-पाच तास. मांडीच्या गाभ्यातली उष्णता बाहेर यायला इतका वेळ लागला असता तर कुदळ मारणारा मजूर पहिल्या तासातच आतून शिजला असता.

तसे होत नाही, कारण जिवंत मांसात रक्त फिरते. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला तेवढेच रक्त पुढे ढकलते, म्हणजे साधारण एका मिनिटात सगळ्या रक्ताची एक फेरी होते. रक्तात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे ते पाण्यासारखीच भरपूर उष्णता सामावून घेते. कष्ट करणाऱ्या स्नायूंतून आणि यकृतातून ते तापून निघते, कातडीखाली येऊन निवते आणि पुन्हा आत जाते. बंडीने वावरातला माल उचलून गावात टाकावा आणि रिकामे परतावे, तसे हे चालते. कातडीतून विश्रांतीच्या वेळी मिनिटाला पाव लिटरच्या आसपास रक्त जाते. कडक उन्हात हेच प्रमाण सहा ते आठ लिटरपर्यंत चढू शकते, म्हणजे हृदय विश्रांतीत सबंध शरीराला जेवढे रक्त पुरवते त्याहून जास्त रक्त एकट्या कातडीकडे जाऊ लागते.

कातडीकडे जाणाऱ्या या वाटा उघडण्याचे आणि मिटण्याचे काम मज्जातंतू करतात, हे फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सशाच्या कानावर दाखवून दिले. मानेतला एक मज्जातंतू कापताच त्या बाजूचा कान लाल झाला आणि हाताला गरम लागू लागला. आम्हा जनावरांच्या माणसांना यात विशेष गोडी वाटते, कारण बैलाचा किंवा गाईचा कान मुळाशी धरून पाहणे ही आमची पहिली तपासणी असते. नुकत्याच व्यालेल्या गाईचे कान गार पडले की कॅल्शियम उतरल्याची शंका घ्यायची, हे आम्ही हातानेच शिकलो. कानाला लागणारी ऊब मुख्यतः तिथून वाहणाऱ्या रक्ताची असते, ही गोष्ट त्यातून कायमची मनावर ठसते.

रक्त उष्णता नेमकी कुठे सोडते, हा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नव्हता. १९४८ साली अमेरिकेत हॅरी पेनेस या संशोधकाने माणसाच्या कोपरापुढील हातात अतिशय बारीक तापमापक तारा आरपार ओढून कातडीपासून गाभ्यापर्यंतचे तापमान मोजले आणि त्यावरून एक समीकरण मांडले. धमनीतले रक्त आणि आजूबाजूचे मांस यांच्या तापमानात जेवढा फरक, आणि रक्ताचा प्रवाह जेवढा, त्या मानाने मांसाला उष्णता मिळते किंवा मांसातून जाते, असा त्याचा साधा अर्थ. आजही कर्करोगाच्या गाठीला ऊब देऊन उपचार करताना हे समीकरण वापरले जाते. पण पेनेस यांनी असे धरले होते की ही देवाणघेवाण सर्वांत बारीक अशा केशवाहिन्यांत होते. १९८० च्या दशकात चेन आणि होम्स, तसेच वाइनबॉम आणि जिजी, या संशोधकांनी हिशेब करून दाखवले की रक्त केशवाहिनीत पोहोचते तेव्हा ते आजूबाजूच्या मांसाइतकेच तापलेले किंवा निवलेले असते. खरी देवाणघेवाण त्याआधीच्या, केसाइतक्या ते जाड शिवणदोऱ्याइतक्या रुंदीच्या वाहिन्यांत होऊन गेलेली असते. पाटाने ओलित करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. मुख्य कालव्यात पाणी वेगाने धावते म्हणून तिथे फार मुरत नाही, आणि शेवटच्या सरीत पोहोचेपर्यंत बरेचसे मधल्या दांडांतच मुरून गेलेले असते.

रक्ताच्या या प्रवासातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. हातापायांत खोलवर धमनी आणि शीर एकमेकींना लागून, उलट दिशेने चालतात. थंडीच्या दिवसांत बोटांकडे निघालेले गरम रक्त वाटेतच आपली ऊब शेजारून परतणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकते, त्यामुळे हात गारठतात पण शरीराच्या गाभ्याची, म्हणजे धडाच्या आतल्या भागाची, ऊब टिकते. उन्हाळ्यात शरीर परतीची वाटच बदलते आणि रक्त खोल शिरांऐवजी कातडीलगतच्या शिरांतून मागे येते. मे महिन्यात तळहाताच्या पाठीवर आणि कोपरापुढे शिरा ज्या टरारून फुगलेल्या दिसतात, त्या याच परतीच्या वाटा होत. त्या फुगलेल्या असणे ही शरीर उष्णता बाहेर टाकत असल्याची खूण आहे.

जनावरांत याचा एक फार सुंदर नमुना आहे. तो या विषयाशी जोडलेला असल्यामुळे इथे सांगतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, आणि आपल्या रानातला रोही व काळवीट, यांच्या मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांचे एक जाळे असते. नाकातून आणि तोंडातून श्वासामुळे निवलेले शिरांतील रक्त त्या जाळ्याभोवती साठते आणि मेंदूकडे निघालेले गरम रक्त त्याच्या सान्निध्यात थोडे निवूनच वर चढते. उन्हात उभा बैल नाकपुड्या ओल्या ठेवून धापत असतो, तेव्हा तो आपला मेंदू गार राखत असतो. माणसाला हे जाळे नाही. आपल्या मेंदूला मिळणारे रक्त जवळजवळ गाभ्याच्याच तापमानाचे असते, त्यामुळे गाभा ४१ अंशांवर गेला की मेंदूही तेवढाच तापतो. सालदार असंबद्ध बोलू लागला त्याचे कारण हेच होते, आणि ज्या दुपारी उन्हातला माणूस असंबद्ध बोलतो त्या दुपारी एकेक मिनिट मोलाचे असते.

आता पाण्याच्या वाक्याकडे. रक्तवाहिन्या आकसल्या तर उष्णता आत कोंडते, हे तत्त्व खरे आहे. पण उन्हात राबणाऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या कशाने आकसतात हे पाहिले पाहिजे. कातडीला सहा-सात लिटर रक्त हवे, त्याच वेळी काम करणाऱ्या स्नायूंनाही भरपूर रक्त हवे, आणि घामावाटे तासाला लिटरभर पाणी निघून गेल्याने अंगातले रक्तच कमी होत चाललेले असते. हृदय सुरुवातीला वेग वाढवून आणि आतड्यांचा व मूत्रपिंडांचा वाटा कापून वेळ मारून नेते. तेही पुरेनासे झाले की रक्तदाब टिकवण्यासाठी शरीराला कातडीच्या वाहिन्या आवळाव्याच लागतात, आणि तिथून पुढे उष्णता खरोखरच आत कोंडते. म्हणजे वाहिन्या आवळून उष्णता कोंडणारी ती गोष्ट तहानेने आणि न थांबता केलेल्या श्रमाने घडते. तिचे खापर मात्र आपण बादलीच्या पाण्यावर फोडतो.

हिशेब मांडून पाहू. स्नायू काम करताना आपल्या शक्तीचा चौथा-पाचवा हिस्साच कामात लावतात, बाकी सगळी उष्णता होते. जड काम करणाऱ्या ६० किलो वजनाच्या माणसात दर सेकंदाला साडेतीनशे ज्यूल उष्णता तयार होत असेल आणि ती बाहेर जाण्याची वाट बंद पडली असेल, तर दर १० मिनिटांनी त्याचे तापमान एक अंशाने चढेल. त्यात बाहेरची हवा ४५ अंशांची असली म्हणजे ती कातडीहून गरम असल्यामुळे हवेतून अंगाला उलट उष्णताच मिळते, आणि सुटकेचा एकच मार्ग उरतो तो म्हणजे पाण्याची वाफ होणे. एक लिटर पाण्याची कातडीवरून वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. ६० किलोच्या माणसाला एक अंशाने निववायला सुमारे २१० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे हवेतून मिळणारी उष्णता बाजूला ठेवली तर चहाच्या कपात मावेल एवढ्या पाण्याची अंगावरून वाफ झाली की एक अंश उतरतो. विदर्भातली मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की ही वाफ झपाट्याने होते. घरातला कूलर याच आधारावर चालतो, आणि मृगाच्या तोंडावर हवेत दमटपणा आला की कूलर निकामी होतो आणि घाम नुसता निथळत राहतो, त्याचेही कारण हेच.

गार पाणी पडल्यावर कातडीतल्या वाहिन्या थोड्या आकसत असतील, तरी त्याने फारसे बिघडत नाही. गाभा फार तापलेला असताना वाहिन्या उघड्या ठेवण्याचा मेंदूचा हुकूम जबरदस्त असतो. शिवाय पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते, त्यामुळे थोड्याशा आकसण्याने होणारा तोटा कित्येक पटींनी भरून निघतो. कष्टाने ऊन लागलेल्या धावपटूंना आणि सैनिकांना बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवतात, तेव्हा साधारण पाच मिनिटांत एक अंश या वेगाने तापमान उतरते. यापेक्षा जलद उपाय वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही. म्हणून आधी गार करावे आणि मग हलवावे, असा आज या उपचाराचा नियम आहे. दुपारी तापलेली म्हैस डबक्यात शिरते तेव्हा तिच्या वाहिन्या आकसून ती मरेल अशी शंका आपल्याला कधी येत नाही. काळी कातडी आणि गाईच्या मानाने थोड्या घर्मग्रंथी असलेले ते जनावर पाण्याच्या आधारानेच आपला उन्हाळा पार करते.

वावरात बर्फ नसतो, टब नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी जे हाताशी असते ते पुरेसे असते. माणसाला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत किंवा काढावेत, ड्रममधले किंवा विहिरीचे पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहावे आणि दोघांनी दुपट्ट्याने, पोत्याने, सुपाने, जे मिळेल त्याने जोरात वारा घालावा. ओली चादर अंगावर टाकून तशीच ठेवू नये. ती थोड्याच वेळात गरम होते आणि वाफ अडवते, म्हणून तिच्यावर पाणी आणि वारा चालूच ठेवावा. बर्फ मिळालाच तर तो मान, काखा आणि जांघा इथे ठेवावा, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिथे कातडीच्या जवळून जातात. कपाळावरच्या एका पट्टीने जेवढी उष्णता निघते ती अंगातल्या उष्णतेच्या मानाने काहीच नव्हे. १०८ ला फोन लगेच करावा, पण गाडी येईपर्यंत पाणी थांबवू नये आणि जमल्यास गाडीतही ते चालू ठेवावे. म्हाताऱ्या माणसाच्या किंवा हृदयाचा आजार असलेल्याच्या बाबतीत बर्फात बुडवण्यापेक्षा अंग भिजवून वारा घालणेच बरे. माणूस शुद्धीवर येऊन नीट उत्तरे देऊ लागला, किंवा अंगाला कापरे भरले, की पाणी थांबवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, पन्हे किंवा गोळी काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

तापाच्या गोळीबद्दल स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. तापात मेंदू स्वतःच शरीराचे तापमान वर नेण्याचे ठरवतो आणि पॅरासिटामॉल तो निर्णय मागे घ्यायला लावते. ऊन लागते तेव्हा मेंदूने असे काही ठरवलेलेच नसते, तो उलट निववण्याची धडपड करत असतो आणि बाहेर जाणारी वाट तोकडी पडलेली असते. त्यामुळे त्या गोळीने तापमान उतरत नाही. आधीच उष्णतेने पोळलेल्या यकृतावर मात्र तिचा भार पडतो. तळपायाला कांद्याचा रस चोळण्याची आपल्याकडची रीत मी लहानपणापासून पाहत आलो आहे आणि आजीने माझ्याही पायाला तो चोळलेला आहे. त्यात अपाय नाही, पण शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या बाबतीत तो चोळण्यात पाच मिनिटे गेली तर तीच पाच मिनिटे पाणी ओतण्याची होती.

मधुमेह असलेल्यांच्या, उतारवयातल्या माणसांच्या, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरात कातडीकडे रक्त वळवण्याची ही यंत्रणा मुळातच कमजोर पडलेली असते. अशांना घरात बसूनही ऊन बाधते. त्यांनी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, पण उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारावे.

भारतात अहमदाबाद शहराने २०१३ साली उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा तयार केला आणि त्यानंतर नागपूरसह इतर शहरांतही असे आराखडे झाले. शहरांपुरते ते उपयोगी आहेत. पण तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया, रोजगार हमीच्या कामावरचे मजूर, धसकटे वेचणारे आणि उन्हाळवाही करणारे लोक ज्या वावरांत आणि जंगलांत असतात, तिथे आराखड्याचा कागद पोहोचत नाही. तिथे वर्तमानपत्रातली चौकट पोहोचते आणि ती मोठ्याने वाचून दाखवलीही जाते. म्हणून आपणास विनंती अशी की, पुढच्या चौकटीत 'ऊन लागलेल्या माणसाचे सर्व अंग ताबडतोब पाण्याने भिजवावे आणि वारा घालावा' हे वाक्य सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापावे, आणि पाणी ओतू नये असा सल्ला कुठे दिसल्यास तो चुकीचा आहे असे तिथेच स्पष्ट लिहावे. एकापेक्षा अधिक मजूर लावणाऱ्या प्रत्येक शेतमालकाने धुऱ्यावर, सावलीत, पिण्याच्या पाण्यापासून वेगळा असा एक भरलेला ड्रम आणि बादली ठेवावी, हेही त्यात यावे. काम सकाळी सहाला सुरू करून अकराच्या आत आटोपणे आणि मजुरी तीच ठेवणे हे मालकाच्या हातात असते, त्याविषयीही आपल्या दैनिकाने लिहावे.

आमच्या शिवारात आता बाभळीखालचा तो ड्रम उन्हाळाभर भरलेला असतो. फवारणीसाठी त्याला कोणी हात लावत नाही. शेजारच्या सालदाराला जड काम होत नाही, पण मालकाने त्याला ठेवून घेतले आहे, आणि रोज सकाळी काठी टेकत विहिरीपर्यंत जाऊन मोटर लावून तो ड्रम तोच भरतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
यवतमाळ जिल्हा